डावीकडचा टक्स

अक्का,

शेवटी तुमच्या अंगात घालायचा ब्लाऊज मीच पाठीतून कापला. बायकांनी अंघोळ घातली, हिरवी साडी उलगडली आणि ब्लाऊजपाशी सगळ्या अडल्या. "हात वळत न्हाईत. पाठीकून काप," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. घरात शिवणारी आता मीच उरले होते. मी ब्लाऊज पालथा घातला आणि गळ्यापासून खालपर्यंत कापत गेले. खडू न लावताही रेघ सरळ आली. त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच होतं की घरातली ही कात्री बोथट झालीय, धार लावून आणायला पाहिजे. रडू आलं नाही. ते नंतर आलं आणि फार थोडं आलं. त्याबद्दल नणंदांमध्ये जराशी कुजबुज झाली. तुमच्या कानावर असावं म्हणून सांगते.

परवा तेरावा झाला. पेपरात द्यायला मोठ्या भावजींनी माझ्याकडून चार ओळी लिहून घेतल्या. शब्द त्यांचे, अक्षर माझं. त्यात तुम्ही कष्टाळू आणि मनमिळाऊ आहात. कष्टाळू खरं. पण "उद्याच पायजे" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात कापड परत देऊन "मंग उद्या शिवणाऱ्याकडं जावा" म्हणणारी बाई मनमिळाऊ कशी, ते भावजींनाच ठाऊक.  चार ओळींत वाद कशाला घालायचा.

हा कागद मात्र माझा आहे आणि तो एकाच गोष्टीसाठी आहे. सोलापूरच्या दवाखान्यात, सलाईन चालू असताना, तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. "नंदे, माज्या प्रशांतच्या लग्नाचा ब्लाऊज बसवताना तुला कायतरी कळलं व्हतं का गं?" मी म्हणाले, "न्हाय अक्का." तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाहीत, मीही काढला नाही, आणि दीड महिन्यात तुम्ही गेलात.

मी खोटं बोलले. मला कळलं होतं.

आता हे तुम्हाला सांगून काय उपयोग, असं मीच मला विचारलं. उपयोग नाही. पण तुम्ही मला शिकवलेलं आहे की चुकीची शिवण दिसली की ती उसवायची, गिऱ्हाईक आलेलं असो की नसो. म्हणून सुरुवातीपासून उसवत येते.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी भाद्रपदात आपल्या घरी महालक्ष्म्या बसवायच्या होत्या. मुखवटे बाजूला ठेवून तुम्ही पत्र्याच्या दोन धडांपाशी मांडी घालून बसला होता आणि जुन्या सुती साडीच्या पट्ट्या त्यांच्याभोवती गुंडाळत होता. एकीला जास्त, एकीला कमी. मी विचारलं, दोन्ही सारख्याच का नाही करत? "त्या काय जुळ्या हाईत व्हय? थोरली थोरलीवाणी दिसाया पायजे," तुम्ही म्हणालात. मी धाकटी जाऊ, नुकतीच आलेली. मला वाटलं हा टोमणा मला आहे. तो नव्हता, हे कळायला मला चार वर्षं लागली. त्या दिवशी तुम्ही साडी नेसवलीत तेव्हा एक निरी कमी-जास्त झाली नाही आणि दोघीजणी खरंच दोन वेगळ्या बायका दिसायला लागल्या. आरतीला आलेल्या बायका मुखवट्यांकडं बघत होत्या आणि मी खांद्यांकडं. शिवण शिकायचं माझ्या मनात तिथं आलं.

त्यानंतर दोन वर्षांनी दुकानात पुतळा आला. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कुणाचा तरी कारखाना बंद पडला, सामान काढायला निघालं, आणि तुम्ही कापडी अंगाचा, बिनहाताचा, बिनडोक्याचा तो पुतळा उचलून एसटीत घेऊन बसलात. लोक बघायला लागले म्हणून त्याला चादर गुंडाळलीत. त्यानं तर आणखीच बघायला लागले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हिचं तिकीट?" तुम्ही हसला नाहीत. "तिला पाय न्हाईत, मधीच उतरून जायची न्हाय," म्हणालात आणि पुतळा मांडीवर घेतलात. त्या दिवशी मी खिडकीकडं तोंड करून तुळजापूर येईपर्यंत हसत होते.

दुकानात आणून उभा केल्यावर तुम्ही त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्यात. दोन्ही खांदे सारखे, दोन्ही बाजू सारख्या, पाठ ताठ. "असली बाई म्या जल्मात बगितली न्हाय," हे तुमचं मत आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही.

तुमची पद्धत मी कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही. बाई दारातून स्टुलापर्यंत चालत यायची तेवढ्यात तुमचं अर्धं माप झालेलं असायचं. टेप नुसता खात्री करायला. ती गेली की पडदा ओढायचा आणि पुतळ्याला त्या बाईचं अंग द्यायचं. एका खांद्यावर चिंधीची घडी, पाठीत कापसाचा थर, डाव्या-उजव्या बाजूला कमी-जास्त पट्ट्या. मग त्यावर मांजरपाटाचा तुकडा टाकायचा, गळ्यापाशी टाचणी लावायची आणि हातानं कापड खाली सोडायचं. कुठं जास्तीचं कापड गोळा होतंय ते बघायचं. तिथं चिमूट धरून टाचण्या लावल्या की झाला टक्स. मी धाकटी मास्तरीण, फुटपट्टी घेऊन आधीच मोजायला धावायची. "कापड कुठं जातंय ते बग आदी. आपून त्याला वाट द्यायची, वढायचं न्हाय," तुम्ही म्हणायचात. टोक कुठं थांबवायचं ते तुमच्या बोटाला कळायचं. अर्धा इंच पुढं गेलं की कापडाला नाक येतं, मागं राहिलं की झोळ येतो. मांजरपाट काढून त्यावरून पेपर कापला की पडदा उघडायच्या आधी तुम्ही सगळ्या चिंध्या काढून टाकायचात. पुतळा परत कुणाचाच नाही असा उभा. वहीत कधी काही लिहिलं नाहीत.

लिहायची मी. मी बारावी झालेली, धाराशिवात सहा महिन्यांचा कोर्स केलेली, प्रमाणपत्र काच लावून भिंतीवर टांगलेली. कोर्समध्ये आम्हाला छातीच्या मापाला भागून टक्स काढायला शिकवलं होतं, म्हणजे पुतळ्यासारख्या बायकांसाठी ते अगदी बरोबर होतं. तुमचं काम बघून मी ते सोडलं, पण लिहायची सवय सोडली नाही. प्रत्येक बाईची चिठ्ठी करायची आणि शिवून होईपर्यंत ब्लाऊजला टाचून ठेवायची. तुम्हाला ते आवडत नव्हतं. आणि त्यातूनच सुवर्णाचं प्रकरण झालं, ज्याबद्दल मी तुमची माफी मागितली होती, पण अर्धीच.

सुवर्णा तेरखेड्याची, सोयरीक ईट गावातली. बस्ता नवऱ्याकडच्यांनी बांधला, ब्लाऊज शिवायला मुलगी आपल्याकडं आली. लहानपणापासून डाव्या कडेवर घागरी आणि भावंडं वाहून तिचा तो खांदा उतरला होता. तुम्ही पुतळ्यावर सगळं जमवलंत, पाच ब्लाऊज झाले, आणि अंगात घातल्यावर त्या पोरीकडं बघून कुणी म्हणालं नसतं की तिच्या खांद्यात सूतभरही फरक आहे. मग तिची होणारी सासू कचेरीच्या कामाला धाराशिवला आली आणि जाता जाता ब्लाऊज घेऊन गेली. पिशवी मी भरली. चिठ्ठी काढायची राहिली. "डावा खांदा एक इंच खाली. डावीकडं टक्स तीन, उजवीकडं दोन. पाठीला बाक." खाली मुलीचं नाव, माझ्या सुरेख अक्षरात.

दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप दुकानात आला आणि स्टुलावर बसून राहिला. ईटहून फोन आला होता की पोरीत खोड आहे आणि ती आमच्यापासून लपवली. तुम्ही त्याला पाणी दिलंत.  टेप गळ्यात घातलात, मला म्हणालात, "चल," आणि आपण एसटी धरली.

त्या घरातलं मला सगळं आठवतं. ओसरीवर चार बायका, चहा टाकलेला नाही, म्हणजे आपण कोण ते त्यांनी ठरवलेलं होतं. सासूबाई बोलायला लागल्या. तुम्ही म्हणालात, "वहिनी, बोला तुमी, पर जरा उभ्या ऱ्हावा." त्या कशा काय उभ्या राहिल्या कोण जाणे. तुम्ही त्यांच्या खांद्यांना टेप लावलात आणि मला म्हणालात, "लिही. उजवा पाऊण इंच खाली." मग त्यांच्या जावेला उभं केलंत. तिची पाठ. मग थोरल्या सुनेला. तिची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी, ते तुम्ही सांगितलंत तशी ती पदराआड हसायला लागली. "या घरात एकबी बाई सरळ न्हाय बगा वहिनी. माज्या घरातबी न्हाय. हिला बगा, ही माजी जाऊ, हिची कंबर डावीकडं वळती." सासूबाईंना आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग त्या आत बघून म्हणाल्या, "अगं, च्या टाका की." लग्न ठरल्या तिथीला झालं.

परत येताना तिकिटं तुम्ही काढलीत. मी दोनदा "चुकलं माझं" म्हणाले. शेवटी धाराशिवची घरं दिसायला लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, "आपून बाईच्या अंगाचं बोलत न्हाय. कापडाला सांगायचं, बाईला न्हाय." आवाज चढवला नव्हता. मला तो चढवलेला परवडला असता.

चिठ्ठी पिशवीत गेली ही माझी चूक. ती मी तेव्हाच मान्य केली. पण तुमचा नियम मला कधीच पटला नाही, आणि आपला तो वाद बारा वर्षं चालला. मोठा वाद नाही. काज करता करता, चहा गाळता गाळता. एखादी बाई तक्रार घेऊन यायची की सगळीकडचे ब्लाऊज माझ्या खांद्यावरून घसरतात, दर्जी चोर आहेत मेले. तुम्ही मुकाट्यानं दुरुस्त करून द्यायचात. ती गेली की मी म्हणायची, अहो, तिला सांगायचं की तिचा खांदा उतरता आहे, ती पुढच्या दर्ज्याला तरी सांगेल. "तिला कळून काय करायचंय? खांदा काय उसवून शिवती व्हय ती?"  मग मी म्हणायची, तिचं अंग आहे, तिला माहीत नको? तुम्ही तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायचात, "तुज्या अंगाचं तुला कुणी सांगितलेलं आवडंल का?" तुम्ही ईटच्या ओसरीवर माझ्या कमरेचं चार बायकांत सांगितलं होतं, हे मी तुम्हाला दर वेळी ऐकवायची. तुम्ही म्हणायचात, "ते येगळं."

हळूहळू मी चिठ्ठ्या बंद केल्या. तुम्ही जिंकला म्हणून नाही. मला भीती बसली होती. माझ्या अक्षरानं एका पोरीचं लग्न मोडत आलं होतं, ते मी विसरले नव्हते. बघायचं, पुतळ्यावर कापसाचा थर द्यायचा, टक्स धरायचा आणि गप्प राहायचं. त्यात मी तुमच्याइतकी तरबेज झाले. काही बायका म्हणायच्या, धाकटीचा हात थोरलीपेक्षा साफ आहे. तुम्ही ते ऐकून खूश व्हायचात, हे मी बघितलं आहे. माझ्या बरोबरीच्या कितीजणी दुसऱ्याच्या हाताखाली पिको-फॉल करत राहिल्या. मला तुम्ही कापायला दिलंत, पहिल्या वर्षापासून, महागाचं कापड. बिघडलं तर बिघडलं. हे मी तुम्हाला कधी म्हणाले नाही. आज म्हणते.

आता ते प्रशांतच्या लग्नाचं.

तुमचे ब्लाऊज तुम्हीच शिवायचात. पडद्याआड पुतळ्यावर काय ते करायचात आणि मी कधी आत यायची नाही. एवढ्या वर्षांत मी तुमच्या अंगाला टेप लावला नव्हता. पण पोराच्या लग्नाच्या आधी, फाल्गुनात, दुपारच्या वेळी तुम्ही शटर अर्धं खाली ओढलंत आणि मला म्हणालात, "माजा ब्लाऊज तूच कर. माप घे." मला वाटलं, वरमाय झाल्यात, मिरवून घेतायत. मला बरं वाटलं, अक्का. फारच बरं वाटलं. मी पुतळ्याला तुमचं अंग दिलं. तुमच्या जुन्या ब्लाऊजवरून, तुमच्या पद्धतीनं, चिंधीला चिंधी लावून. मांजरपाट सोडला, टक्स धरले, कच्च्या टाक्यात घालून तुमच्या अंगावर चढवला.

उजवी बाजू लागलीच बसली. डावीकडं टक्स वर ओढत होता. टोकापाशी कापड आत जात होतं, बोटभर जागेत, दोऱ्यानं आतून कुणी ओढून धरल्यासारखं. मी टक्स सोडला, परत धरला. परत तसंच. तुमचा आदल्या वर्षीचा ब्लाऊज मापाला शेजारीच पडला होता. त्यात तिथं काही नव्हतं. म्हणजे कापडाचा दोष नव्हता, मापाचाही नव्हता. अंग बदललं होतं आणि एकाच बाजूचं बदललं होतं. मला नाव माहीत नव्हतं, पण हे नेहमीचं नाही, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. वीस वर्षं बायकांच्या अंगावर कापड टाकणारीला ते कळतंच.

तुम्ही आरशात बघत होता. आरशातून माझ्याकडं बघत होता. मी खाली मान घातली, टक्सचं टोक अर्धा इंच बाहेर सरकवलं, अस्तराच्या आत मऊ सुती कापडाचा एक जादा थर दिला आणि परत टाचण्या लावल्या. बसला. इतका सुरेख बसला की दोन्हींकडं सारखं दिसायला लागलं. तुम्ही विचारलंत, "बसला?" मी म्हणाले, "बसला."

माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम आहे. लग्नात तिघीचौघींनी विचारलं, कुणी शिवला.

का बोलले नाही, याचं उत्तर मी स्वतःला बरेच दिवस तुमच्या नियमातून दिलं. अक्कांनीच सांगितलं होतं, अंगाचं बोलायचं नाही. ते सोयीचं होतं. पण निम्मंच खरं आहे. निम्मं हे, की मला त्या टक्सचं कोडं सुटलं याचा आनंद झाला होता. तुमच्या अंगावर, तुमच्या देखत, मी तुमच्यासारखं काम करून दाखवलं होतं. त्या आनंदात मी दुसऱ्या गोष्टीला बाजूला सारलं. नंतर बोलू, म्हटलं. लग्न होऊ दे. मग लग्न झालं, उन्हाळा गेला, दिवाळी आली, आणि तुम्ही स्वतःच एक दिवस भावजींना म्हणालात की सोलापूरला दाखवायला जाऊ. छातीत गाठ निघाली, आणि तोवर डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे उशीर झाला होता. फाल्गुनात गेलो असतो तर काय झालं असतं, हे मी त्यांना विचारलं नाही. उत्तराला मी भ्याले.

दवाखान्यात तुम्ही विचारलंत तेव्हा मला वाटलं, यांना संशय आला आहे, मला जाब विचारतायत. म्हणून पटकन "न्हाय" म्हणाले. आता तेरा दिवस घरात बसून विचार करायला वेळ मिळाला, तेव्हा मला दुसरंच वाटायला लागलं. तुम्हाला फाल्गुनातच ठाऊक होतं. ज्या बाईला दुसऱ्याच्या खांद्यातला सूतभर फरक दारातून दिसतो, तिला स्वतःच्या अंगातलं कळलं नसेल? आणि मग कधी नव्हे ते तुम्ही मला माप घ्यायला का सांगितलंत? वरमायपणाची हौस म्हणून? की दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून? तुम्ही आरशातून माझ्याकडं बघत होता ते ब्लाऊज बघायला नव्हे, मी काय बोलते ते बघायला?

मला हे कळणार नाही. तुमच्यावर मला राग येतो तो इथं येतो. तोंड तुम्हालाही होतं. बारा वर्षं मला गप्प राहायला शिकवलंत आणि ऐन वेळी मी तो धडा मोडावा अशी अपेक्षा केलीत, तर तसं एका शब्दानं सांगायचं. आणि तसं काहीच नसेल, तुम्हाला खरंच फक्त ब्लाऊजच हवा असेल, तर मी आत्ता म्हणाले ते परत घेते.

तुमच्या दहाव्याला सुवर्णा आली होती. दोन लेकरांची आई झाली आहे, अंगानं भरली आहे, खांदा तसाच. भेटायला आत आली तेव्हा मी तिला एकदाचं सांगून टाकलं की ती चिठ्ठी माझी होती आणि तुझा खांदा उतरता आहे हे आम्ही तुला कधी सांगितलं नाही.  "काकू, मला ठाव न्हाय व्हय? शाळेत परार्थनेला बाई रोज माजा खांदा धरून सरळ करायच्या. माप देताना म्या अक्कांची वाट बगायची, कवा म्हनत्यात म्हून. त्या कंदी म्हनल्या न्हाईत. मला बरं बी वाटायचं आन् वाईट बी." दोन्ही वाटायचं, म्हणाली. आपल्या बारा वर्षांच्या वादात हे आपल्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

काल दुकान उघडलं. यंदा आपल्या घरी महालक्ष्म्या बसणार नाहीत, पण लोकांच्या बसणार आहेत आणि ब्लाऊजच्या पिशव्यांचा ढीग पडला आहे. पहिल्याच आल्या त्या तुमच्या नेहमीच्या शाळेतल्या बाई, दर गौरीला दोन ब्लाऊज शिवणाऱ्या. त्यांचा पेपर आपल्याकडं होताच. त्यावरून मी सकाळीच, त्यांनी आधी देऊन ठेवलेल्या कापडाचा ब्लाऊज कच्च्या टाक्यात घालून ठेवला होता. त्या तुमच्याबद्दल दोन चांगले शब्द बोलल्या आणि त्यांनी ब्लाऊज चढवला. डावीकडं नव्हे, त्यांच्या उजवीकडं. तीच बोटभर जागा. कापड आत.

माझ्या हातात टाचण्या होत्या. टोक कुठं सरकवायचं, थर किती द्यायचा, सगळं हाताला ठाऊक होतं. दोन मिनिटांचं काम. मी टाचण्या डबीत ठेवल्या आणि म्हणाले, "बाई, रागावू नका. मागच्या वर्षी इथं चुणी पडत नव्हती. आता पडतेय. एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवून या."

त्यांनी आधी पदर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टर आहात का?" मी म्हणाले, नाही, मी शिवणारी आहे. त्यांचा चेहरा लाल झाला. घरात आत्ताच दुःख घडलंय म्हणून तुम्हाला सगळीकडं तेच दिसतंय, म्हणाल्या. सणाच्या तोंडावर असं बोलतात का, म्हणाल्या. अक्का असत्या तर असं बोलल्या नसत्या, हेही म्हणाल्या, आणि ते खरं आहे. आत जाऊन ब्लाऊज बदलून आल्या, दोन्ही कापडं उचलली आणि निघाल्या. एक गिऱ्हाईक गेलं. त्या दाखवायला जातील की नाही, मला सांगता येत नाही. कदाचित काही नसेलही. नसू दे.

मी दारापर्यंत गेले आणि त्यांच्या पाठमोऱ्या अंगाकडं बघून परत एकदा सांगितलं, मोठ्यानं. "बाई, माझा राग धरा, पण दाखवून या." गल्लीतल्या दोघीतिघी थांबून बघायला लागल्या. बांगडीवालाही बघायला लागला. मला लाज वाटली, पण मी आत आले नाही. त्या वळणाआड जाईपर्यंत तिथंच उभी राहिले.

भर गल्लीत, चार लोकांसमोर, मला ते बोलता आलं. फाल्गुनातल्या त्या दुपारी तर दुकानात आपण दोघीच होतो, अक्का.